टेप विरुद्ध डिजिटल: वाद कानाचा आणि कामाचा

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने यूट्यूबवर एक माहिती जाहीर केली आणि उंची ध्वनियंत्रणा बाळगणाऱ्या रसिकांत हलकल्लोळ माजला. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या गाजलेल्या अल्बमांच्या खास एलपी काढते. मूळ मास्टर टेपवरून थेट, संगणकाचा स्पर्श न होता कापलेल्या तबकड्या, अशी त्यांची ख्याती. त्यांच्या ‘वन-स्टेप’ मालिकेतली एकेक प्रत शंभर-सव्वाशे डॉलरला जायची. दुकानदाराचं म्हणणं असं, की आधी टेपवरून डिजिटल प्रत होते आणि तबकडी कापली जाते ती त्या प्रतीवरून. कंपनीच्या इंजिनियरांनी ते मान्य केलं. ही पद्धत काही वर्षं चालू होती. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या चाळीस हजार ‘वन-स्टेप’ प्रती काढणार अशी घोषणा झाली, तेव्हाच काही जणांनी आकडेमोड करून शंका घेतली होती: एवढ्या प्रतींसाठी मूळ टेप किती वेळा चालवावी लागेल? म्हणजे संशय आला तो गणितातून. कानाने कुणी काही पकडलं नव्हतं. उलट, अॅनालॉग आवाज कसा असतो हे दाखवायला याच तबकड्या अनेक जण अभिमानाने लावत होते.

टेप बरी की डिजिटल, या जुन्या वादात हे प्रकरण म्हणजे शेवटचा निकाल, असं काहींना वाटलं. मला तसं वाटत नाही. ऐकणाऱ्याच्या कानापुरता वाद त्याने बराचसा मिटवला, हे खरं. पण स्टुडिओत काम करणाऱ्यांचा आणि पेटाऱ्यात स्पूल जपून ठेवणाऱ्यांचा वाद वेगळा आहे, आणि तो या प्रकरणाच्या आसपासही फिरकत नाही.

आधी मोजमापाचं उरकून घेऊ. फितीवर लोहऑक्साइडचे बारीक कण असतात. हेडसमोरून सरकताना ते आवाजाच्या चढउताराप्रमाणे चुंबकित होतात. डेन्मार्कच्या वाल्देमार पॉउलसेनने १८९८ मध्येच पोलादी तारेवर आवाज धरला होता. जर्मनीतल्या एईजी कंपनीने १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ मांडला. त्याचा आवाज ओबडधोबडच होता. १९४० मध्ये वेबर आणि ब्राउनम्यूल या दोघा जर्मन अभियंत्यांनी ध्वनीसोबत फितीवर ऐकू न येणारा, फार उंच कंप्रतेचा प्रवाह सोडला. यालाच बायस म्हणतात. त्यानंतर मात्र रेडिओवर चाललेला कार्यक्रम प्रत्यक्ष चालू आहे की टेपवरचा, हे सांगणं अवघड होऊ लागलं. युद्ध संपल्यावर जॅक मुलिन या अमेरिकी सैन्यातल्या अभियंत्याने अशी दोन यंत्रं सुटी करून मायदेशी पाठवली. ठरल्या वेळी थेट प्रक्षेपणाला हजर राहायचा कंटाळा असलेल्या गायक बिंग क्रॉस्बीने १९४७ पासून आपला कार्यक्रम टेपवर घ्यायला सुरुवात केली आणि अशी यंत्रं बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीला पैसेही पुरवले. पुढची पन्नासेक वर्षं जगातलं बहुतेक संगीत या फितीवरून गेलं.

फितीचे दोष सर्वांना माहीत होते. पहिला दोष म्हणजे तिचा स्वतःचा सूंऽऽ असा आवाज, हिस. चांगल्या स्टुडिओ टेपवर सर्वांत मोठा स्वच्छ आवाज आणि हा हिस यांत साधारण ६० ते ७० डेसिबलचं अंतर मिळतं. सीडीच्या १६ बिटांत ते ९६ आहे. २४ बिटांत कागदावर १४४ आहे, आणि चांगल्या यंत्रांत प्रत्यक्षात १२०च्या आसपास पोहोचतं. दुसरा दोष म्हणजे फीत कधीच एकसारख्या वेगाने सरकत नाही, त्यामुळे सूर किंचित डगमगतो. तिसरा दोष गमतीचा आहे. गुंडाळलेल्या फितीच्या एका पदराचं चुंबकत्व शेजारच्या पदरावर उमटतं आणि गाणं सुरू होण्याआधी क्षणभर त्याचंच पुसट भूत ऐकू येतं. हिसवर पहिला मोठा उतारा काढला रे डॉल्बीने. १९६३ ते ६५ या काळात तो संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत होता. तिथून लंडनला जाऊन त्याने कंपनी काढली, आणि तिच्या पहिल्या यंत्राने हिस सुमारे १० डेसिबलने खाली आणला.

मग टेपचा ‘उबदार’ आवाज ही काय चीज आहे? ती भ्रामक नाही. फितीला सोसवेल त्यापेक्षा जोरात आवाज भरला की ती तो एकदम फोडत नाही. शिखरं हळूच दाबते आणि मूळ स्वराच्या वरचे काही स्वरांश, विशेषतः तिसरा, आपल्या पदरचे घालते. खर्जाच्या टापूत थोडा फुगवटा येतो. ड्रम, बास, गिटार यांना हे मानवतं. म्हणजे टेपची ऊब हा टेपने केलेला बदल आहे. प्रामाणिकपणाच्या कसोटीवर डिजिटल पुढे आहे आणि टेपप्रेमींनी हे कबूल करायला हरकत नाही. मसाला आवडतो म्हणणाऱ्याने तो भाजीचाच मूळ स्वाद आहे असा हट्ट धरू नये, एवढंच.

डिजिटलबद्दलही एक गैरसमज चिवट आहे: नमुने घेतले म्हणजे लहरीच्या पायऱ्या झाल्या, आणि मधलं संगीत गळालं. तसं होत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, तर २० हजार हर्ट्झपर्यंतची लहर त्यांतून गुळगुळीत, जशीच्या तशी परत उभी करता येते. हा ४४,१०० चा आकडासुद्धा संगीतातून आलेला नाही. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत; चित्राच्या दर ओळीत तीन नमुने, वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, हा गुणाकार म्हणजे ४४,१००.

तरीही ऐंशीच्या दशकातल्या सीडींबद्दलची तक्रार खोटी नव्हती. त्या काळचे कन्व्हर्टर कच्चे होते, फिल्टर कडक होते, आणि एलपीसाठी आवाज घडवून ठेवलेल्या टेपा पुष्कळदा तशाच सीडीवर चढवल्या गेल्या. तो आवाज कानाला टोचायचा. पुढे यंत्रं सुधारली, पण तंत्राची बदनामी मागेच राहिली. त्यात नव्वदच्या दशकापासून कंपन्यांत चढाओढ लागली, की माझं गाणं शेजारच्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे. मेटॅलिकाच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये आवाज इतका दाबून भरला होता, की त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती जास्त मोकळी वाटते म्हणून चाहते तिच्यामागे लागले. दोन्ही आवृत्त्या डिजिटलच होत्या. दाबायचं की नाही, हे माणसाने ठरवलं होतं.

चाचण्या काय सांगतात? २००७ मध्ये बोस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाच्या डिस्कच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाची डिजिटल पायरी घातली आणि श्रोत्यांना ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून एवढी सहज येतात. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांची बेरीज मांडली, तेव्हा बरोबर उत्तरांची सरासरी ५२ टक्क्यांच्या थोडी वर गेली. प्रशिक्षित श्रोत्यांची ६०च्या आसपास. म्हणजे फरक शून्य नाही, पण ज्यावर मैत्र्या तुटाव्यात इतका नक्कीच नाही.

कानाचा वाद इथे सोडतो आणि स्टुडिओत जातो.

‘डिजिटल आलं आणि लबाडी आली’ हे वाक्य आपल्याकडे जुन्या मंडळींच्या तोंडी फार असतं. इतिहास त्याला साथ देत नाही. १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’चे दोन टेक, वेगळ्या लयीचे आणि वेगळ्या पट्टीतले, वेग कमीजास्त करून ब्लेडने कापून एकत्र चिकटवले. तो सांधा गाण्याच्या पहिल्या मिनिटाच्या सुमारास आहे. जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’मध्ये वादकांनी वाजवलेल्या भागांची कापाकापी करून निर्माता टिओ मॅसेरोने रचना घडवली. पियानोवादक ग्लेन गूल्ड तर मैफल सोडून स्टुडिओतच राहिला आणि सांधे लावणं हा त्याच्या कलेचा उघड भाग होता. ब्लेड, चिकटपट्टी आणि धाडस एवढी सामग्री पुरायची. फरक होता तो किमतीचा. फीत कापताना हात थरथरायचा, कारण चुकलं तर परत जागेवर आणणं कष्टाचं होतं.

माझ्या मते टेपचं खरं कर्तृत्व या अडचणीतच आहे. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ १९६७ मध्ये चार ट्रॅकांच्या यंत्रांवर झाला. चार ट्रॅक भरले, की ते मिसळून दुसऱ्या यंत्राच्या एका-दोन ट्रॅकांवर उतरवायचे आणि पुढचे वाद्य घ्यायचे. एकदा उतरवलं की ढोल मोठा झाला म्हणून परत मागे जायचं नाही. शिवाय प्रत्येक वेळी उतरवताना हिस वाढायचा. त्यामुळे या वाद्याचा आवाज किती, कुठे, कसा, हे तिथल्या तिथे ठरवावं लागे. सत्तरच्या दशकात दोन इंच रुंदीच्या फितीवर २४ ट्रॅक मिळू लागले. अशी २,५०० फुटांची फीत सेकंदाला ३० इंच वेगाने १६ मिनिटं ४० सेकंदांत संपते, आणि तेवढ्यासाठी भरपूर पैसे मोजावे लागत. म्हणून वादक तालीम करून येत. आज २४ ट्रॅकांचं तासभराचं काम, उंच दर्जात, २५ जीबीत मावतं. ते साठवायला लागणारी जागा अगदी थोड्या पैशांत येते. मग वीस टेक ठेवले जातात आणि कुठला चांगला हे ‘नंतर बघू’. १९९१ मध्ये आलेल्या ‘प्रो टूल्स’ या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरने आणि १९९७च्या, सूर दुरुस्त करणाऱ्या ‘ऑटो-ट्यून’ने ‘नंतर’ला हद्दच ठेवली नाही. १९९९ मध्ये रिकी मार्टिनचं ‘लिव्हिन ला विदा लोका’ पूर्णपणे संगणकावर घडून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा व्यवसायापुरता निकाल लागला होता.

शिकागोचे ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी २०२४ मध्ये गेले तोवर टेपवर काम करत राहिले. रॉक संगीतकार डेव्ह ग्रोलने २०११चा ‘वेस्टिंग लाइट’ स्वतःच्या गॅरेजमध्ये टेपवर केला. पण टेपचा आवाज म्हणून आज बाजारात जे विकलं जातं, ते बहुतेक सॉफ्टवेअर असतं. जुन्या स्टुडर टेपयंत्राचं चित्र पडद्यावर, एक बटण फिरवलं की हिस, दुसरं फिरवलं की खर्जाचा फुगवटा. ही नक्कल उत्तम असते. तिच्यात दोष सगळे आहेत आणि अडचण एकही नाही. मला हा व्यवहार उलटा वाटतो.

आपल्याकडची कथा याच वाटेने गेली, पण तिला एक दुखरी बाजू आहे. मुंबईच्या फिल्मी ध्वनिमुद्रणात अनेक दशकं गायक आणि वादकांचा मोठा ताफा एकाच वेळी, एकाच खोलीत गाणं वाजवायचा. शेवटच्या ओळीत एखाद्या व्हायोलिनचा हात चुकला, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. मल्टिट्रॅक आल्यावर गायकाचा आवाज वेगळा घेता येऊ लागला, युगुलगीताचे दोन गायक एकमेकांना न भेटता गाऊ लागले. मग सिंथेसायझर आणि संगणक आले. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं, की नव्वदच्या दशकात हे मोठे ताफे मोडले आणि त्यांत वाजवणाऱ्या गोव्याच्या, पारशी, बंगाली, मराठी घरांतल्या वादकांच्या हातचं नियमित काम गेलं. दोष एकट्या डिजिटलचा नव्हता, पण शेवटचा धक्का त्याचाच होता. आणि तरी २०१६च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर जिवंत सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. म्हणजे यंत्र डिजिटल असलं तरी शंभर हात एकत्र वाजवायला कुणी अडवलेलं नाही. अडतं ते निर्मात्याच्या पैशापाशी आणि संगीतकाराच्या हट्टापाशी.

शास्त्रीय संगीतात टेपचं देणं आणखी सरळ आहे. तिने वेळ दिला. ७८ आरपीएमच्या तबकडीवर बड्या ख्यालाला तीन-साडेतीन मिनिटांत उरकावं लागे. टेपवर राग हवा तेवढा पसरू शकला. घरगुती स्पूलवरही सात इंची, १,२०० फुटांची फीत सेकंदाला पावणेचार इंच वेगाने एका बाजूला ६४ मिनिटं चालते. पुणे, मुंबई, गोवा, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात ग्रुंडिग-अकाईवाल्या हौशी मंडळींनी बैठकांच्या फिती जमवल्या, आपापसात उतरवल्या, त्यावर भांडले. त्यातून जे संगीत उरलं ते कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नाही. (फीत वाचवायला वेग आणखी अर्धा करणारेही होते. त्यांच्या संग्रहात तास भरपूर, पण वरचे स्वर गेलेले.)

आणि हेच संगीत टेपचे दोष सर्वांत निर्दयपणे उघडे पाडतं. फितीचा वेग डगमगतो हे रॉक संगीतात लपून जातं. तानपुऱ्याच्या अखंड स्वरात ते लगेच कळतं. जवारीचे बारीक झंकार हिसमध्ये विरतात. सर्वांत मोठा घोळ पट्टीचा. वेगात ६ टक्के फरक पडला, की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने हलतो. वेग वाढला असेल, तर काळी एकमध्ये गाणारा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये पोहोचतो, आवाज कोवळा वाटतो, ताना अधिक तयार वाटतात. जुन्या गवयांच्या ‘विलक्षण द्रुत’ तानांबद्दलच्या काही कौतुकात झिजलेल्या रबरी पट्ट्याचाही वाटा असावा, अशी माझी शंका आहे. गंमत म्हणजे हे दुरुस्त करायची चांगली साधनं डिजिटलच आहेत. ‘प्लॅन्जंट’ नावाच्या पद्धतीत फितीवर उरलेला तो बायसचा ऐकू न येणारा सूर पकडून, त्याच्या आधारे मूळ वेगातली डगमग क्षणाक्षणाने सरळ करतात.

आता जतन. फितीच्या बाजूने सर्वांत जोरदार युक्तिवाद इथेच केला जातो, आणि तो अर्धा खरा आहे. साध्या, चांगल्या ठेवलेल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या टेपा आजही वाजतात. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या नामांकित कंपन्यांच्या फितींत कण धरून ठेवणारं द्रव्य हवेतला ओलावा शोषून चिकट होतं. तशीच लावली तर ती हेडवर किटण सोडत जाते. अशा फिती सुमारे ५४ अंश सेल्सिअसला कित्येक तास नियंत्रित उष्णतेत ठेवून थोड्या काळापुरत्या वाजवण्याजोग्या करता येतात. कोकण-गोव्याच्या दमट हवेत बुरशी वेगळी. त्यात वाजवणारी यंत्रं, त्यांचे हेड आणि ती जुळवणारी माणसं संपत चालली आहेत. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी यासाठी २०२५ हे वर्ष धोक्याची रेषा म्हणून सांगितलं होतं. गुरुग्रामची एआरसीई ही संगीतसंग्रह संस्था १९८२ पासून हे काम करते आहे, मुंबईच्या एनसीपीएकडे आणि सत्यशील देशपांडे यांच्या संवाद फाउंडेशनकडे मोलाचे संग्रह आहेत. खासगी पेटाऱ्यांची मात्र कुठेच नोंद नाही.

डिजिटलची स्थिती इथे बरी असेल असं वाटतं, पण ती काही ठिकाणी वाईट आहे. १९८७ मध्ये आलेल्या डॅट या डिजिटल कॅसेटची यंत्रं सोनीने २००५ मध्ये बंद केली. नव्वदच्या दशकातल्या आठ ट्रॅकांच्या एडॅट या डिजिटल फिती वाजवणारी सुस्थितीतली यंत्रं शोधावी लागतात. संगीत कंपन्यांचा साठा सांभाळणाऱ्या आयर्न माउंटनने २०२४ मध्ये सांगितलं, की नव्वदच्या दशकातल्या ज्या हार्ड डिस्क त्यांच्याकडे आल्या, त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश वाचताच येत नाहीत. फीत हळूहळू खराब होते आणि खराब होताना ऐकू येतं. डिस्क एक दिवस नुसती उघडत नाही.

आणि डिस्क उघडली, तरी काम उघडेलच असं नाही. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेलं सगळं त्या सेशन-फाइलमध्ये अर्धवट असतं: वीसपैकी कुठला टेक खरा, आवाजावर कुठला परिणाम किती, हे त्या वेळच्या सॉफ्टवेअरच्या आणि प्लग-इनच्या आठवणीत असतं. ते प्लग-इन नव्या संगणकावर चालत नाही, आणि गाण्याऐवजी रिकाम्या खोक्यांची यादी पडद्यावर येते. म्हणून अनुभवी इंजिनियर आता काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक त्यावरच्या परिणामांसकट, अगदी शून्य सेकंदापासून, साध्या वेव्ह फाइलमध्ये उतरवून ठेवायला सांगतात. सोबत एक प्रत कच्ची, आणि एका कागदावर कुणी काय वाजवलं, पट्टी कुठली, तारीख कुठली. जुन्या टेपच्या डब्यावर ही माहिती पेन्सिलीने लिहिलेली असायची, आणि ट्रॅक तर आधीच ठरवून छापलेले असायचे.